संत्र्याची साल, शिसं, क्रोमियम आणि रंग: आकडे चांगले आलेत, पण धातू गेला कुठे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही संत्र्याच्या सालीची पावडर केलीत. ५० मिग्रॅ/लिटर मिथिलीन ब्लू ह्या निळ्या रंगाच्या १०० मिलि सोल्युशनमध्ये अर्धा ग्रॅम पावडर टाकली आणि ९५ टक्के रंग गेला. शिसं पीएच ८ ला ९९ टक्के गेलं. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (म्हणजे क्रोमियम सहा, त्याचं जास्त विषारी रूप) मात्र पीएच ७ ला जेमतेम ८ टक्के आणि पीएच २ ला एकदम ९२ टक्के. स्यूडो सेकंड ऑर्डर ह्या वेगाच्या समीकरणाचा आर-स्क्वेअर (डेटा रेघेला किती बसतो त्याचा आकडा) ०.९९९ आला म्हणून केमिसॉर्प्शन, म्हणजे रासायनिक बंधाने चिकटणं, आहे असं तुम्ही लिहिलंय. आता तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्यात, एक म्हणजे साल, भाताचं तूस आणि लाकडाचा भुसा ह्यात सगळ्यात चांगलं कोणतं, आणि दुसरं म्हणजे हीच पावडर बाटलीत भरून कारखान्याजवळच्या एका बोअरच्या पाण्यासाठी फिल्टर करता येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण त्यात माणसं गुंतलीत. पिण्यासाठी हा फिल्टर करू नका. त्या बोअरच्या पाण्यात धातू असल्याची शंका असेल तर ते पाणी पिणं आत्ताच थांबवा आणि सॅम्पल मान्यताप्राप्त लॅबमध्ये द्या, घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर एक दिवसही वाट बघू नका. पाणी उकळून धातू जात नाहीत, उलट पाणी आटतं आणि धातू तेवढाच राहतो म्हणजे प्रमाण वाढतं. रिपोर्टमध्ये शिसं आलं तर शिशासाठी प्रमाणित केलेलं कार्ट्रिज किंवा आरओ घ्यावं लागेल (एनएसएफ ह्या संस्थेचं ५३ हे कार्ट्रिजचं आणि ५८ हे आरओचं स्टँडर्ड आहे), किंवा सरळ पाण्याचा स्रोत बदलावा लागेल. सालीच्या बाटलीने का भागत नाही ते खाली हिशोबासकट लिहिते, कारण नुसतं 'नको' म्हटलं की कोणाला पटत नाही.

आता प्रोजेक्ट. मी सांडपाणी प्रक्रियेच्या लॅबमध्ये काम करते आणि नैसर्गिक ॲडसॉर्बंटवरचे (पाण्यातली घाण स्वतःच्या पृष्ठभागावर धरणाऱ्या पदार्थांवरचे) बरेच रिपोर्ट माझ्याकडे तपासायला येतात. जवळपास सगळ्यांचा प्रश्न तुमच्यासारखाच असतो, कोणतं सगळ्यात चांगलं. ह्याचं उत्तर पावडरीत शोधायला गेलात तर मिळणार नाही, ते पाण्यात आहे. तुम्हाला काय काढायचंय, ते त्या पीएचला कोणत्या रूपात आहे, त्याच्यावर चार्ज कोणता आहे आणि त्याच पाण्यात सोबत अजून कोण कोण आहे, हे कळलं की ॲडसॉर्बंट आपोआप ठरतो. तुमचे तिन्ही निकाल एकत्र बघितले तर हीच गोष्ट दिसते.

मिथिलीन ब्लू हा प्लस चार्जचा रंग आहे. सालीत पेक्टिन असतं, पेक्टिनमध्ये कार्बॉक्सिल ग्रुप असतात आणि पीएच साधारण ३ ते ५ च्या दरम्यान ते हायड्रोजन सोडून मायनस व्हायला लागतात. सेल्युलोज आणि लिग्निनही आहेत, लिग्निनमधले फिनॉलिक ग्रुप बरेच वरच्या पीएचला, ९-१० च्या आसपास सुटतात. म्हणजे साध्या न्यूट्रल पाण्यात साल मायनस आणि रंग प्लस, बसणारच. म्हणूनच जगातली जवळपास कुठलीही पानं, साल, भुसा मिथिलीन ब्लू चांगला काढतात. ह्या रंगावर ९५ टक्के आले म्हणजे साल जिवंत आहे, काम करते, इतकंच कळतं. तुमच्या सालीत काही विशेष आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. खरं बघायचं असेल तर एक मायनस चार्जचा रंग घ्या, काँगो रेड नाहीतर कुठलाही रिॲक्टिव्ह डाय, आणि तीच साल लावून बघा. आकडा धाडकन खाली येईल.

इथे एक सावधगिरी. काही रंग पीएच बदलला की स्वतःच रंग बदलतात. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ च्या मध्ये, काँगो रेड साधारण ३ ते ५ च्या मध्ये, मॅलकाइट ग्रीन अल्कलीत फिका पडतो. तुम्ही एकाच वेव्हलेंग्थला ॲब्सॉर्बन्स (सोल्युशन किती प्रकाश शोषतं ते) मोजत असाल तर रंग फक्त रूप बदलून बसलेला असतो आणि तुम्हाला वाटतं गेला. प्रत्येक पीएचला त्याच पीएचचं कॅलिब्रेशन करा, किंवा मोजण्याआधी सगळी सॅम्पल एका पीएचला आणा. मिथिलीन ब्लू (६६४ नॅनोमीटर) त्या बाबतीत बरा आहे पण त्याची वेगळी खोड आहे, तो काचेला चिकटतो आणि फिल्टर पेपरला तर फारच चिकटतो, कारण फिल्टर पेपर म्हणजे सेल्युलोजच. गाळून मोजलं असेल तर त्या ९५ टक्क्यांतले काही टक्के पेपरचे आहेत. सेंट्रिफ्यूज करा, आणि पावडर न टाकलेलं सोल्युशन अगदी त्याच सगळ्या स्टेप्समधून न्या.

क्रोमियमकडे येते, कारण तुमच्या कामातला सगळ्यात रंजक भाग तोच आहे. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पाण्यात धातूच्या प्लस आयनसारखं नसतंच, ते ऑक्सिजनला बांधलेलं मायनस आयन असतं, क्रोमेट किंवा हायड्रोजन क्रोमेट. पीएच ७ ला तुमची सालही मायनस आणि क्रोमियमही मायनस, त्यामुळे ८ टक्के हे अगदी अपेक्षित आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. पीएच २ ला सालीवर हायड्रोजन आयन बसून पृष्ठभाग प्लसकडे झुकतो, मायनस क्रोमेट ओढलं जातं आणि आकडा वर जातो. सगळ्या रिपोर्टमध्ये इथपर्यंत लिहिलेलं असतं.

पण पीएच २ ला अजून एक गोष्ट होते. ॲसिडमध्ये हेक्झाव्हॅलंट क्रोमियम जबरदस्त ऑक्सिडायझर असतं आणि साल म्हणजे सगळं ऑरगॅनिक मटेरियल, त्यामुळे साल स्वतः थोडी ऑक्सिडाइज होते आणि क्रोमियम सहाचं क्रोमियम तीन होतं. क्रोमियम तीन प्लस चार्जचं असतं, आणि पीएच २ ला सालीवर त्याला फारशी जागा नसते, म्हणून त्यातलं बरंचसं पाण्यातच राहतं. तुम्ही डायफिनाइलकार्बाझाइडने ५४० नॅनोमीटरला मोजलंय असं लिहिलंत, आणि ती पद्धत फक्त क्रोमियम सहा दाखवते. म्हणजे ९२ टक्के क्रोमियम सहा गायब झालं हे खरं, पण ते सालीवर बसलं की रूप बदलून पाण्यातच फिरतंय हे तुमच्या आकड्यातून कळत नाही. त्याच सॅम्पलमध्ये ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर (धातू कुठल्याही रूपात असला तरी एकूण मोजणारं मशीन) टोटल क्रोमियम मोजा. दोन्हीतला फरक म्हणजे पाण्यात राहिलेलं क्रोमियम तीन. मशीन नसेल तर सॅम्पलमधलं क्रोमियम परमँगनेटने पुन्हा सहावर आणून त्याच कार्बाझाइडने मोजायची जुनी पद्धत आहे, ती चालेल. शेवटचा पीएचही बघा, कारण ह्या रिडक्शनमध्ये हायड्रोजन आयन खर्च होतात आणि पीएच वर सरकतो, आणि ही प्रक्रिया हळू असते, तासन्तास चालते, त्यामुळे एका तासाच्या आणि एका दिवसाच्या आकड्यात फरक दिसला तर घाबरू नका.

आणि क्रोमियम सहाचं तीन होणं वाईट नाही हे पण सांगते. सहा जास्त विषारी आणि पाण्यात फिरणारं, तीन बरंच कमी विषारी, आणि पीएच ८-९ ला नेलं की हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. म्हणजे तुमच्या सालीने आधी रिडक्शन आणि मग पीएच वाढवून गाळ काढणं, अशी दोन पायऱ्यांची पद्धत होऊ शकते. ती 'साल क्रोमियम शोषते' ह्या वाक्यापेक्षा खरी आहे आणि मला विचाराल तर जास्त उपयोगाचीही. फक्त ती तशी सिद्ध करून लिहा.

शिशाचे ९९ टक्के मात्र मला सगळ्यात जास्त खटकतात. पीएच ८ ला शिसं हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट होऊन स्वतःच खाली बसायला लागू शकतं, किती बसेल ते तुमच्या कॉन्सन्ट्रेशनवर आणि पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड किती विरघळलाय त्यावर अवलंबून आहे. म्हणून ब्लँक लागतोच: तेवढंच शिसं, तोच पीएच, तेवढाच वेळ शेकरवर, फक्त पावडर नाही. त्यात ७० टक्के गेलं तर सालीचं श्रेय उरतं थोडंसंच. शिशाची तुलना मी पीएच ५ ते ५.५ ला करायला सांगते, तिथे कार्बॉक्सिल बऱ्यापैकी सुटलेले असतात आणि गाळ बसायची भीती कमी असते. पीएच लावायला पातळ नायट्रिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइड वापरा. फॉस्फेट बफर चुकूनही नको, लेड फॉस्फेट इतकं कमी विरघळतं की साल टाकायच्या आधीच शिसं तळाशी जाईल आणि तुम्हाला सुंदर आकडा मिळेल. पावडर टाकल्यावरचा पीएच पण मोजा. कच्च्या सालीत सायट्रिक ॲसिड उरलेलं असतं, ती पीएच खाली ओढते, आणि वर सायट्रेट धातूला पकडून पाण्यातच धरून ठेवतं. सुरुवातीला ८ लावलेला पीएच शेवटी ६ झाला असेल तर तुम्ही नेमकं कुठल्या पीएचचं लिहिताय?

त्यासाठी साल नीट धुवायला लागते. धुण्याच्या पाण्याला रंग येणं थांबेपर्यंत गरम पाण्याने, मग ६०-७० अंशाला वाळवून दळायची आणि चाळायची. शेकरवरच्या कामाला १५० ते ३०० मायक्रॉन ठीक. नुसती धुतलेली साल सुद्धा पेक्टिन आणि पिवळा रंग सोडत राहते, म्हणून पातळ सोडियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम क्लोराइडची ट्रीटमेंट देतात. अल्कलीने पेक्टिनमधले मिथिल एस्टर तुटून कार्बॉक्सिल मोकळे होतात, म्हणजे धातूसाठी जागा वाढते, आणि कॅल्शियम त्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवतं म्हणून पेक्टिन विरघळून जात नाही. ह्याचा अजून एक फायदा आहे जो फार कमी लोक वापरतात. अशा सालीवर शिसं बसताना कॅल्शियम बाहेर पडतं, ते मोजा. जितके मिलिमोल शिसं बसलं साधारण तितके मिलिमोल कॅल्शियम बाहेर आलं तर आयन एक्स्चेंज आहे हे तुम्ही हातात पुरावा घेऊन म्हणू शकता.

कारण स्यूडो सेकंड ऑर्डरच्या ०.९९९ वरून केमिसॉर्प्शन म्हणता येत नाही. त्या ग्राफमध्ये तुम्ही एका बाजूला वेळ आणि दुसऱ्या बाजूला वेळ भागिले ॲडसॉर्प्शन काढता. दोन्हीकडे वेळ आहेच, त्यामुळे इक्विलिब्रियमच्या (आणखी बसणं थांबतं त्या अवस्थेच्या) जवळचे पॉइंट घेतले की रेघ सरळ येणारच, मग आत काहीही घडत असो. नॉन-लिनियर फिट करा, पहिल्या काही मिनिटांतले पॉइंट जास्त घ्या आणि मेकॅनिझमबद्दल बोलायचं तर वर सांगितलेलं कॅल्शियम, पीएचमधला बदल, ॲसिडने परत किती सुटतं हे पुरावे द्या. लँगम्युअरच्या समीकरणाचंही (पाण्यात किती उरलंय त्यावरून पावडरीवर किती बसेल ते सांगणारं) थोडं तसंच. लँगम्युअरने १९१८ मध्ये ते समीकरण दिलं ते काच, अभ्रक आणि प्लॅटिनमच्या सपाट पृष्ठभागावर वायू कसे बसतात ह्यासाठी. तुमच्या सालीचा पृष्ठभाग सपाट नाही आणि सगळ्या जागा सारख्याही नाहीत. समीकरण डेटाला बसलं तर जरूर वापरा, त्यातून आकडे काढायला सोयीचं पडतं, पण बसलं म्हणून 'एक थर, एकसारख्या जागा' हे वाक्य त्याच्यामागे जोडू नका.

आता टक्क्यांबद्दल. तुमचे ९५ टक्के म्हणजे ४७.५ मिग्रॅ/लिटर रंग गेला, १०० मिलिमधून ४.७५ मिग्रॅ, अर्ध्या ग्रॅमवर. दर ग्रॅमला ९.५ मिग्रॅ. समजा कोणी त्याच सोल्युशनमध्ये फक्त ०.०५ ग्रॅम पावडर टाकली आणि त्याचे ४० टक्केच गेले, तर त्याचे २ मिग्रॅ ०.०५ ग्रॅमवर बसले, म्हणजे दर ग्रॅमला ४० मिग्रॅ. टक्क्यात तुम्ही जिंकलात, पण त्याचा माल चौपट काम करतोय. पावडर वाढवली की टक्के वाढतातच, त्यामुळे नुसते टक्के देऊन साल, तूस आणि भुसा ह्यांची तुलना होत नाही. आणि धातू-धातूंची तुलना करताना मिग्रॅ सोडून मिलिमोलमध्ये, म्हणजे वजनाऐवजी आयनांच्या संख्येत, या. शिसं १०० मिग्रॅ/ग्रॅम आणि तांबं ४० मिग्रॅ/ग्रॅम असं दिसलं की वाटतं शिसं जास्त बसलं, पण शिशाचा अणुभार २०७ आणि तांब्याचा ६३.५, म्हणजे ०.४८ आणि ०.६३ मिलिमोल, जागा तांब्याने जास्त घेतल्या.

मग बोअरच्या पाण्याचा हिशोब. डब्ल्यूएचओची पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मार्गदर्शक मर्यादा ०.०१ मिग्रॅ/लिटर आहे, कॅडमियमची ०.००३, टोटल क्रोमियमची ०.०५. तुमचे प्रयोग ५० मिग्रॅ/लिटरवर आहेत. धरून चाला की सालीची कमाल क्षमता १०० मिग्रॅ/ग्रॅम आणि लँगम्युअर स्थिरांक (पकड किती घट्ट त्याचा आकडा) ०.०५ लिटर/मिग्रॅ आलाय, म्हणजे कागदावर चांगला ॲडसॉर्बंट. पाण्यात शेवटी ०.०१ मिग्रॅ/लिटर शिसं उरलं पाहिजे असं म्हटलं तर त्या कॉन्सन्ट्रेशनला समीकरणातून क्षमता येते दर ग्रॅमला फक्त ०.०५ मिग्रॅ. शंभरची ०.०५ झाली! पाण्यात ०.१ मिग्रॅ/लिटर असेल आणि ०.०१ वर आणायचं असेल तर प्रत्येक लिटरमधून ०.०९ मिग्रॅ काढायचंय, म्हणजे लिटरला १.८ ग्रॅम साल, वीस लिटरला ३६ ग्रॅम, रोज नवीन. कॉलममध्ये, म्हणजे साल नळीत भरून त्यातून पाणी सोडलं तर, हे सुधारतं, कारण तिथे येणाऱ्या पाण्याकडचा थर ०.१ मिग्रॅ/लिटरशी समतोलात जातो आणि तिथली क्षमता जवळपास दहापट, ०.५ मिग्रॅ/ग्रॅम मिळते. रिपोर्टमध्ये बॅचऐवजी (सगळं एका फ्लास्कमध्ये एकदम हलवण्याऐवजी) कॉलम किंवा निदान दोन टप्प्यांची बॅच घ्या असं मी सांगते ते ह्यासाठी.

पण हा सगळा हिशोब डिस्टिल्ड पाण्यातला झाला. बोअरच्या पाण्यात लिटरला ८० मिग्रॅ कॅल्शियम असणं काही विशेष नाही, म्हणजे २ मिलिमोल. ०.१ मिग्रॅ शिसं म्हणजे ०.०००४८ मिलिमोल. एका शिशाच्या आयनमागे चार हजारांहून जास्त कॅल्शियमचे आयन उभे आहेत, वर मॅग्नेशियम आणि सोडियम वेगळे. बसमध्ये चाळीस सीट आणि स्टॉपवर चार हजार माणसं, त्यात तुमचा एक ओळखीचा, तशी अवस्था. कार्बॉक्सिलला कॅल्शियमपेक्षा शिसं जास्त आवडतं हे खरं आहे आणि म्हणूनच शिशाचं थोडंफार जमतं, पण निकेल, कॅडमियम, झिंक ह्यांना इतकी पसंती मिळत नाही आणि कठीण पाण्यात त्यांचे आकडे चांगलेच पडतात. त्यात ओली साल ही बॅक्टेरियांचं आवडतं खाणं आहे, बाटलीत भरून ठेवलीत की काही दिवसांत वास मारायला लागते. आणि साल कधी भरली हे बाहेरून दिसत नाही, शिशाला ना रंग ना चव, पाणी स्वच्छ दिसत राहणार आणि धातू पुढे जात राहणार. म्हणून पिण्यासाठी नको म्हटलं.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये मात्र ह्यातूनच एक छान चॅप्टर होतो. तेच शिसं एकदा डिस्टिल्ड पाण्यात, एकदा कॅल्शियम घालून आणि एकदा खऱ्या पाण्यात शिसं मिसळून करा, आणि तिन्ही आकडे शेजारी शेजारी द्या. कमी आला म्हणून आकडा लपवू नका. खऱ्या पाण्यातला कमी आकडाच पुढच्या माणसाच्या कामाचा असतो, डिस्टिल्ड पाण्यातले मोठे आकडे सगळ्यांकडे आहेत.

साल, तूस, भुसा ह्यावर आता बोलता येईल. शिसं, तांबं असे प्लस आयन आणि बेसिक (प्लस चार्जचे) रंग असतील तर पेक्टिनमुळे साल पुढे राहते. गंमत म्हणजे कच्च्या सालीचं पृष्ठफळ ग्रॅमला काही चौरस मीटरच असतं आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनचं पाचशे ते दीड हजार, तरी शिशाला साल कमी पडत नाही, कारण इथे जागेपेक्षा ग्रुप महत्त्वाचे. म्हणून ह्या कामासाठी साल जाळून कोळसा करायची घाई करू नका, ५०० अंशाच्या पुढे बरेचसे कार्बॉक्सिल उडून जातात. कॉलमसाठी मात्र साल अवघड आहे, फुगते, चिकट होते आणि पाणी अडवते, बारीक पावडर तर विसराच, अर्धा ते एक मिलिमीटरचे दाणे ठेवा. तुसात सिलिका भरपूर, त्यामुळे ते ताठ राहतं आणि पाणी छान वाहतं, पण कच्च्या तुसाची क्षमता कमी असते, त्याला अल्कली नाहीतर सायट्रिक ॲसिड लावून गरम करायची ट्रीटमेंट द्यावी लागते. भुसा दोन्हीच्या मधे, पण कोणत्या लाकडाचा त्यावर फार अवलंबून, आणि टॅनिनचा रंग सोडतो. आर्सेनिकसाठी तिघांपैकी कोणीच नाही, त्याला लोखंडाच्या ऑक्साइडचा लेप दिलेलं काहीतरी लागतं.

मायनस चार्जच्या रंगांसाठी, म्हणजे ॲसिड आणि रिॲक्टिव्ह डाय, मी कायटोसानकडे (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून केलेला पदार्थ) जाईन. त्यातले अमाइन ग्रुप पीएच ६ च्या खाली प्लस होतात. फक्त कायटोसान ॲसिडमध्ये विरघळतं म्हणून क्रॉसलिंक करावं, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधाव्या लागतात. खऱ्या रंगाईच्या पाण्यावर काम करायचं असेल तर आधीच सांगते, रिॲक्टिव्ह डायच्या बाथमध्ये लिटरला ४०-८० ग्रॅम मीठ आणि पीएच ११ च्या आसपास असू शकतो, तिथे मिथिलीन ब्लूवरचा अनुभव काहीच कामाला येत नाही. रंगही एक नसतो, त्यामुळे एका वेव्हलेंग्थवर न मोजता ४३६, ५२५ आणि ६२० नॅनोमीटर अशा तीन ठिकाणी मोजा, आणि सोबत सीओडी (पाण्यातल्या ऑरगॅनिक मालाचं ऑक्सिडेशन करायला किती ऑक्सिजन लागतो तो आकडा) घ्याच. रंग कमी झालाय आणि सीओडी वाढलाय असं चित्र कच्च्या सालीत नेहमी दिसतं, कारण एक प्रदूषण काढताना साल स्वतःचं ऑरगॅनिक पाण्यात सोडते.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट नव्हती, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वापरलेल्या सालीचं काय करणार? धातू नष्ट झालेला नाही, तो पाण्यातून पावडरीत आलाय. ती पावडर खतात टाकली तर मातीत, उघड्यावर जाळली तर काही धुरात आणि उरलेला राखेत, कचऱ्यात टाकली तर पावसाबरोबर परत पाण्यात. लॅबमध्ये ०.१ मोलर नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिडने शिसं, तांबं बऱ्यापैकी सुटतं, म्हणजे शंभर लिटरमधला धातू एखाद्या लिटरमध्ये गोळा होतो, तो अल्कलीने गाळ करून घातक कचरा म्हणून द्यायचा. साल किती वेळा परत वापरता येते ते तपासा आणि प्रत्येक फेरीला तिचं वजन किती घटतं तेही लिहा, क्षमता घटते त्यामागे बऱ्याचदा तेच कारण असतं. तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्येही ही पावडर वेगळ्या डब्यात, लेबल लावून ठेवा.

मग ह्या सगळ्याचा उपयोग कुठे? जिथे पाणी कमी आहे, धातू एकच आणि माहितीतला आहे, आणि आधी चुन्याने गाळ काढून उरलेलं थोडं शेवटी काढायचंय, तिथे. उदाहरणार्थ प्लेटिंगनंतर धुतलेलं पाणी. १९८० च्या दशकात सिलिका जेलमध्ये शैवाल बसवून केलेलं अल्गासॉर्ब नावाचं उत्पादन आलं होतं, त्याचा दावा असा की कॅल्शियम-मॅग्नेशियमला बाजूला ठेवून ते जड धातू धरतं. तरी आयन एक्स्चेंज रेझिनची जागा अशा पदार्थांना घेता आली नाही, कारण रेझिन दर वेळी तेच आणि तसंच मिळतं, शेकडो वेळा परत वापरता येतं. नैसर्गिक मालात झाड बदललं, हंगाम बदलला की क्षमता बदलते. म्हणून तुमची साल निदान दोन-तीन वेगवेगळ्या खेपांची घ्या आणि त्यांच्यातला फरक दाखवा, हे फारसं कोणी करत नाही.

वेळ कमी असेल तर हे आधी करा: शिशाचा पावडरीशिवायचा ब्लँक पीएच ५.५ आणि ८ ला, क्रोमियमच्या पीएच २ च्या सॅम्पलमध्ये टोटल क्रोमियम, आणि सगळ्या फ्लास्कचा शेवटचा पीएच. धातूची सॅम्पल गाळल्यावर लगेच नायट्रिकने पीएच २ च्या खाली आणून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेत ठेवलीत तर धातू भिंतीला चिकटतो. झीरो चार्जचा पीएच (ज्या पीएचला सालीचा पृष्ठभाग प्लसही नाही आणि मायनसही नाही) काढायला ०.०१ मोलर मिठाच्या पाण्यात पीएच २ ते १० असे फ्लास्क लावून त्यात धुतलेली साल टाका, एक दिवस हलवा, जिथे पीएच बदलत नाही तो पॉइंट, त्याला पैसे लागत नाहीत आणि पीएच मीटर तुमच्याकडे आहेच. हे आकडे आले की इथेच टाका, सोबत साल कशी धुतली आणि किती अंशाला वाळवली तेही लिहा, मग आयसोथर्मचं (लँगम्युअरसारख्या समीकरणांचं) बघू.